भावाच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन सी, प्रोटीन एस कमी आलंय. अनुभव किंवा माहिती असेल तर कृपया लिहा

पंचवटीची_मीरा

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे, वय ३२. मोटारसायकल घसरून पायाचं हाड मोडलं, प्लास्टर झालं. प्लास्टर निघायच्या आधीच तो पाय मांडीपर्यंत सुजला, पोटरीला हात लावू देईना. डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) केली तेव्हा खोल शिरेत मोठी गुठळी निघाली. अ‍ॅडमिट केलं, पोटात हेपरिनची इंजेक्शनं सुरू झाली, लगोलग अ‍ॅसिट्रॉमची रक्त पातळ करणारी गोळीही. चौथ्या दिवशी 'गुठळी का झाली ते शोधू' म्हणून रक्त मुंबईला पाठवलं.

काल रिपोर्ट आला. प्रोटीन सी ३८ टक्के, प्रोटीन एस ४१ टक्के, अँटिथ्रॉम्बिन ७४ टक्के. तिन्हींसमोर 'कमी' असा शिक्का. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे आणि तोवर घरात प्रत्येक जण आपापलं निदान करतोय. आईचं म्हणणं, डब्यातलं जेवण अर्धं परत आणायचा, म्हणून प्रोटीन कमी पडलं. शेजारच्या मुलाने जिममधला प्रोटीन पावडरचा डबा आणून ठेवलाय.

हे जेवणातल्या प्रोटीनशी संबंधित आहे का? आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात का? आणि माझ्यापुरतं विचारायचं तर, आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करतोय. हे घराण्यात असतं असं वाचलं. मग मी तपासून घ्यायला हवं का? फार काळजी वाटतेय.

शुभदा_काकू

मीरा, भावाला लवकर आराम पडो. माझ्या पुतण्याच्या पायांवर अशीच सूज यायची. त्याचं रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन कमी निघालं होतं. अंड्यातलं पांढरं, मुगाचं घट्ट वरण, पनीर असं सुरू केलं आणि औषधांबरोबर सूज उतरली. तुझा भाऊ जेवायला कंटाळत असेल तर रोज मूठभर भिजवलेले शेंगदाणे आणि मटकीची उसळ देत जा. पावडरीपेक्षा घरचं बरं.

सातपूरकर

दोन्ही पायांना सूज होती की एकाच? काकूंच्या पुतण्याला दोन्हींवर असणार. गुठळीची सूज बहुधा एकाच पायाला येते, पाय गरम लागतो, कधी निळसर दिसतो. माझ्या साडूला तसंच झालं होतं. मीराताई, एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर डॉक्टरांच्या वेळेची वाट बघू नका, सरळ अपघात विभाग गाठा. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली की ही लक्षणं येतात.

रक्ततपासनीस

मी लॅबमध्ये रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या विभागात काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण या रिपोर्टबद्दल सविस्तर लिहितो, कारण असे रिपोर्ट आमच्याकडे सतत येतात आणि घरोघरी त्यावरून नको तेवढी घबराट होते.

आधी जेवणाचं. वरण, अंडी, पनीर यातून मिळणारी प्रथिनं पोटात पचून त्यांचे बारीक घटक होतात आणि शरीर त्यातून हजारो वेगवेगळी प्रथिनं घडवतं. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही त्यातली तीन, मुख्यतः यकृतात तयार होणारी. ती किती बनायची हे जनुकांवर ठरतं. ज्याच्या जनुकात दोष आहे त्याने रोज डझनभर अंडी खाल्ली तरी प्रोटीन सी वाढणार नाही. पावडरीचा डबा शेजाऱ्यांना परत द्या. त्यातल्या काही डब्यांत व्हिटॅमिन के घातलेलं असतं आणि अ‍ॅसिट्रॉम चालू असताना ते नको.

आता ही तिघं करतात काय ते सांगतो.

जखम झाली की रक्तात थ्रॉम्बिन तयार होतं. ते फायब्रिनचे धागे विणतं, त्यात प्लेटलेट्स आणि लाल पेशी अडकतात आणि गुठळी धरते. पण थ्रॉम्बिन एवढ्यावर थांबत नाही. ते फॅक्टर पाच आणि फॅक्टर आठ या गोठवणाऱ्या प्रथिनांना चेतवतं आणि त्यांच्या मदतीने आणखी थ्रॉम्बिन बनतं. हे असंच वाढत गेलं तर बोटाला सुई टोचल्यावर हातभर शीर बंद पडायला हवी. पडत नाही, कारण गोठण्याच्या पोटातच थांबण्याची सोय आहे. जखमेच्या पलीकडे, जिथे शिरेचं अस्तर शाबूत आहे, तिथे थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन अस्तराला चिकटून असतं. थ्रॉम्बिन वाहत तिथवर पोचलं की ते त्याला धरतं. धरलेलं थ्रॉम्बिन धागे विणायचं सोडतं आणि प्रोटीन सी ला चेतवायला लागतं. चेतलेलं प्रोटीन सी प्रोटीन एस ला बरोबर घेऊन फॅक्टर पाच आणि आठचे तुकडे करतं. नवं थ्रॉम्बिन बनणं मंदावतं. मला या कामात इतकी वर्षं झाली तरी याचं नवल वाटतं: गोठवणारा आणि थांबवायला सांगणारा, दोन्ही एकच.

अँटिथ्रॉम्बिनचं काम सरळ आहे. तयार झालेलं थ्रॉम्बिन आणि फॅक्टर दहा यांना पकडून ते कायमचं निकामी करतं. तुमच्या भावाला दिलेलं हेपरिन स्वतः गुठळी विरघळवत नाही, ते अँटिथ्रॉम्बिनचा वेग सुमारे हजार पटीने वाढवतं.

यातलं एखादं कमी असलं की गोठणं सुरू नेहमीसारखं होतं, थांबतं मात्र उशिरा. एरवी चालून जातं. पण प्लास्टर, ऑपरेशन, अंथरुणाला खिळणं, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या अशी एखादी भर पडली की तोल जातो. अँटिथ्रॉम्बिनच्या कमतरतेचं पहिलं कुटुंब १९६५ मध्ये नॉर्वेत नोंदलं गेलं, प्रोटीन सी चं १९८१ मध्ये आणि प्रोटीन एस चं १९८४ मध्ये. तिन्ही वेळा एकाच घरातल्या माणसांना तरुणपणी गुठळ्या होत होत्या, म्हणून शोध लागला.

आता तुमचा रिपोर्ट. तो रक्त घेण्याच्या वेळेमुळे बिघडला असण्याची शक्यता मोठी आहे.

एक तर ताजी मोठी गुठळी असताना ही प्रथिनं तिथेच खर्ची पडतात, त्यामुळे रक्तातली पातळी उतरते. शिवाय अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन व्हिटॅमिन के चं काम अडवतं. गोठवणारे फॅक्टर दोन, सात, नऊ, दहा व्हिटॅमिन के शिवाय कामाचे होत नाहीत, पण प्रोटीन सी आणि एस सुद्धा त्याच रांगेतली. म्हणजे ही गोळी घेणाऱ्या कुठल्याही निरोगी माणसाचं प्रोटीन सी आणि एस कमीच येणार. आणि हेपरिन चालू असताना अँटिथ्रॉम्बिन थोडं खाली जातं. तुमचे तिन्ही आकडे या कारणांनी खाली येऊ शकतात. जनुकातला दोष सहसा एकाच प्रथिनाचा असतो. तिन्ही एकदम कमी दिसली की आम्ही आधी फॉर्मवर बघतो, रक्त कधी घेतलं आणि काय चालू होतं.

भावाला कमतरता नाही असं मी म्हणत नाही. असेलही. या कागदावरून ते कळत नाही, एवढंच.

पंचवटीची_मीरा

खूप खूप आभार. मी तीनदा वाचलं आणि आईलाही वाचून दाखवलं. मग बरोबर वेळ कोणती? गोळी बंद करून तपासायचं का?

रक्ततपासनीस

स्वतःच्या मनाने गोळी एक दिवसही बंद करू नका, हे आधी. पायाच्या गुठळीला निदान तीन महिने उपचार लागतातच. तो टप्पा पार पडल्यावर डॉक्टरांना गोळी थांबवणं सुरक्षित वाटलं, तर बंद केल्यानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त घेतात. थांबवणं धोक्याचं वाटलं तर चाचणीसाठी थांबवत नाहीत. चाचणी उपचारासाठी असते.

नव्या गोळ्या, रिव्हारोक्सॅबॅन किंवा डॅबिगॅट्रान, चालू असतील तर काही पद्धतींमध्ये आकडा उलट खोटा वाढून येतो. खरी कमतरता झाकली जाते. म्हणून फॉर्मवर औषधाचं नाव आणि शेवटच्या गोळीची वेळ लिहून द्या. लॅबवाल्याने विचारलं नाही तरी लिहा.

रक्त घेतानाचंही सांगतो, कारण अर्धी गडबड तिथे होते. या चाचणीला निळ्या झाकणाची नळी लागते, आत सायट्रेटचं द्रावण असतं. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट, म्हणून नळीवरच्या खुणेपर्यंत रक्त भरायलाच हवं. अर्धवट भरलेली नळी आम्ही परत पाठवतो. घेतल्यापासून साधारण चार तासांत यंत्रात गरगर फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरलेला रक्ताचा द्रव, वेगळा काढायचा, पुन्हा एकदा फिरवायचा म्हणजे प्लेटलेट्स राहत नाहीत, आणि लगेच गोठवायचा. नाशिकहून मुंबईला पाठवायचं तर गोठवलेला प्लाझ्मा कोरड्या बर्फात जायला हवा. एप्रिल-मेमध्ये उघड्या पिशवीत नळी तशीच कसारा घाट उतरून गेली की प्रोटीन एस कमी येणार, माणूस ठणठणीत असला तरी. नमुना देण्याआधी विचारा: प्लाझ्मा इथेच वेगळा करून गोठवणार का? नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरी लॅब बघा. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, आयसीएमआरची. रक्ताच्या आजारांचं काम तिथे फार वर्षं चाललेलं आहे. गरज पडली तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिथे जाता येतं.

शुभदा_काकू

किती छान समजावलंत. मग माझ्या पुतण्याचं काय होतं? त्याच्या लघवीतून प्रोटीन जातं असं सांगितलं होतं.

फिजिशियन_कॉलेजरोड

काकू, त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोम असणार. आणि तुमचा प्रश्न या धाग्यात अगदी योग्य जागी आहे. मूत्रपिंडाची गाळणी सैल झाली की अल्ब्युमिन लघवीतून जातं, त्याबरोबर जवळपास त्याच आकाराचं अँटिथ्रॉम्बिनही निसटतं. म्हणून या रुग्णांना गुठळ्यांचा धोका असतो, खुद्द मूत्रपिंडाच्या शिरेतसुद्धा. पुतण्याला पुन्हा कधी कंबरेत एका बाजूला जोरात दुखलं किंवा लघवी लाल झाली तर अंगावर काढू नका.

यकृताच्या आजारात ही सगळी प्रथिनं बनणंच घटतं. रक्ताच्या कर्करोगात मुलांना अ‍ॅस्पॅरॅजिनेज नावाचं औषध देतात, त्यानेही अँटिथ्रॉम्बिन उतरतं. आपल्या सुरगाणा-पेठ भागात सिकल सेलचे रुग्ण आहेत, त्यांच्यातही प्रोटीन सी आणि एस कमी आढळतं आणि गुठळीकडे कल असतो. म्हणजे जन्मजात नसलेलीही कमतरता असते, आणि ती आधी वगळावी लागते.

आहाराचा एक संबंध मात्र आहे. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ बरेचदा कमी असतं, त्यामुळे रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं, आणि वाढलेल्या होमोसिस्टीनचा गुठळ्यांशी संबंध दिसलेला आहे. बी-१२ तपासणं सोपं आणि स्वस्त आहे.

मीराताई, भावाला हेपरिन आणि अ‍ॅसिट्रॉम एकत्र किती दिवस दिलं?

पंचवटीची_मीरा

डिस्चार्ज होईपर्यंत दोन्ही चालू होतं. आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा) २.३ आल्यावरही एक दिवस इंजेक्शन दिलं. आम्हाला वाटलं उगाच बिल वाढवतायत.

फिजिशियन_कॉलेजरोड

उगाच नव्हतं, त्यांनी अगदी बरोबर केलं. गोळी सुरू केल्यावर आधी घसरतात ती कमी आयुष्याची प्रथिनं. फॅक्टर सात आणि प्रोटीन सी, दोघांचं अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा वेळ) काही तासांचं, प्रोटीन सी चं साधारण आठ. गोठवणारा मुख्य फॅक्टर दोन मात्र अडीच-तीन दिवस टिकतो. म्हणजे पहिल्या काही दिवसांत आयएनआर वाढलेला दिसतो, पण प्रत्यक्षात थांबवणारं प्रोटीन सी संपलेलं आणि गोठवणारं अजून शिल्लक. अशा वेळी हेपरिनचं छत्र नसेल आणि माणसाला मुळातच प्रोटीन सी कमी असेल, तर त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन मांडी, पोट, स्तन अशा चरबीच्या जागी कातडी काळी पडते. क्वचित होतं, पण झालं तर भयंकर. म्हणून निदान पाच दिवस दोन्ही एकत्र आणि आयएनआर दोनच्या वर गेल्यावरही २४ तास इंजेक्शन, असा नियम आहे.

दिंडोरीचा_बागायतदार

मी चार वर्षांपासून अ‍ॅसिट्रॉमवर आहे, पायाला आणि फुप्फुसात गुठळी झाली होती. खाण्याबद्दल लिहितो कारण डॉक्टर घाईत 'पालेभाजी बंद' म्हणून मोकळे होतात. आमच्या घरात पालेभाजी बंद म्हणजे जेवणच बंद. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर यात व्हिटॅमिन के भरपूर, हे खरं. पण मला नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं की बंद करू नका, प्रमाण सारखं ठेवा. आठवड्यातून दोनदा मेथी खात असाल तर बाराही महिने दोनदा. थंडीत मेथीची जुडी स्वस्त झाली म्हणून रोज आणि मार्चनंतर एकदम नाही, असं केलं की आयएनआर खालीवर होतो. छाटणीच्या दिवसांत मी मजुरांबरोबरच जेवतो, तिथे भाकरीबरोबर जी भाजी असेल ती. त्या काळात तपासणी लवकर करून घेतो.

अंगदुखीवर दुकानातून कॉम्बिफ्लॅम वगैरे आणून खायचं नाही. रक्तस्राव होतो. मीराताई, भावाचं हाड दुखत असेल तर हे नक्की सांगा.

शेतकऱ्यांसाठी अजून एक. उंदरांच्या औषधात ब्रोमॅडिओलोन असतं, ते याच गोळीच्या कुळातलं. गोष्ट सुरू झाली गुरांपासून. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने चाऱ्यातलं ते द्रव्य शोधलं, त्यातून वॉरफरिन आलं. १९४८ मध्ये उंदरांसाठी, आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. कांद्याच्या चाळीत उंदरांसाठी वड्या ठेवता तेव्हा हातमोजे घाला आणि पोरांपासून लांब ठेवा.

सातपूरकर

माझ्या साडूला इकोस्प्रिन चालू आहे. तीही रक्त पातळ करायचीच ना? मग अ‍ॅसिट्रॉमची कटकट कशाला?

रक्ततपासनीस

इकोस्प्रिन प्लेटलेट्सना चिकटू देत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत गुठळी धरते ती मुख्यतः प्लेटलेट्सची, तिथे तिचा उपयोग. प्रोटीन सी-एस च्या कमतरतेत गुठळ्या होतात शिरांमध्ये, आणि त्या फायब्रिनच्या. तिथे अ‍ॅसिट्रॉम, हेपरिन किंवा नव्या गोळ्याच लागतात. एकाच्या जागी दुसरी घेऊ नका. साडूंना पायाची गुठळी झाली होती म्हणता, तर इकोस्प्रिन कशासाठी दिली आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या.

अश्विनी_नाशिकरोड

मी सहसा फक्त वाचते, पण मीराताईंनी बाळाचं लिहिलंय म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मला प्रोटीन एस ची जन्मजात कमतरता आहे. आईला आहे, मावशीला होती. आमच्या घरात हे कळलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. नवरात्रात सप्तशृंगीच्या गडावर जायचं ठरलं होतं आणि तारीख आडवी येत होती. तिने मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी काही विचारत नाही, सगळ्याच जणी घेतात. गडावरून आल्यावर डोकं दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून दोन दिवस लिंबू-पाणी आणि क्रोसिन. तिसऱ्या दिवशी उलट्या, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायला लागलं, मग फिट आली. मेंदूच्या शिरेत गुठळी होती. ती वाचली. उजव्या हाताची पकड अजून पूर्ण आलेली नाही. पोळी लाटताना लाटणं निसटतं.

नंतर आम्हाला समजावलं, की त्या गोळ्यांतलं नॉरेथिस्टेरॉन मोठ्या मात्रेत घेतलं की त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो. इस्ट्रोजेनने प्रोटीन एस आणखी उतरतं. जिचं मुळातच कमी, तिच्यासाठी हे किती धोक्याचं! मेडिकलवाल्याने तिला एक प्रश्न विचारला असता तर. 'घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली आहे का?' एवढा एकच.

सिंहस्थ जवळ आलाय. पर्वणीच्या तारखा आल्या की गावोगावच्या बायका या गोळ्या आणतील. माझं प्रत्येकीला हात जोडून सांगणं आहे, घराण्यात तरुणपणी गुठळी झालेलं कुणी असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही गोळी घेऊ नका. गोदामाई बाराही महिने तिथेच आहे, पुढच्या आठवड्यात स्नान करा.

मीराताई, बाळाचं म्हणाल तर घाबरू नका. माझी दोन्ही मुलं व्यवस्थित आहेत. दुसऱ्या वेळी आधीच माहीत होतं, त्यामुळे गरोदरपणात रोज पोटात हेपरिनचं छोटं इंजेक्शन घेतलं. ते बाळापर्यंत जात नाही. बेंबीपासून दोन बोटं सोडून, चिमटीत कातडी धरून, सुई सरळ आत. पहिल्या आठवड्यात नवरा द्यायचा आणि त्याचाच हात थरथरायचा, मग मीच शिकले. पोटावर निळे डाग पडायचे, जातात ते. बाळंतपणानंतर सहा आठवडे चालूच ठेवलं, कारण सगळ्यात जास्त धोका तेव्हाच. सव्वा महिना अंथरुणावर पडून राहायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, हे सासूबाईंना डॉक्टरांनीच सांगितलं म्हणून बरं झालं.

फिजिशियन_कॉलेजरोड

अश्विनीताई, मनापासून आभार. त्यात दोन गोष्टींची भर. अ‍ॅसिट्रॉम-वॉरफरिन गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाला अपाय करतात, म्हणून गोळीवर असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच बोलायला हवं. आणि गरोदरपणात प्रोटीन एस सगळ्यांचंच नैसर्गिकपणे बरंच खाली येतं, त्यामुळे त्या काळातल्या चाचणीवरून निदान करता येत नाही. मीराताई, तुम्हाला तपासायचं असेल तर आत्ता.

परिचारिका_वैशाली

नवजात विभागात काम केलंय म्हणून थोडंसं. एकाच पालकाकडून दोष आला तर ही नेहमीची सौम्य कमतरता. प्रत्येक अपत्यात यायची शक्यता निम्मी. दोन्ही पालकांकडून आला तर बाळाला जन्मानंतर काही तासांत-दिवसांत अंगावर जांभळे-काळे चट्टे उठतात, ते झपाट्याने पसरतात, डोळ्यांवरही परिणाम होतो. असं बाळ फार क्वचित येतं. तेव्हा ताबडतोब प्लाझ्मा चढवावा लागतो, प्रोटीन सी चं तयार औषधही आहे पण ते सहज मिळत नाही आणि फार महाग आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतात. ज्या घरात ही कमतरता निघालीये तिथे असं नातं ठरत असेल तर दोघांची तपासणी आधी करा. आणि तान्ह्या बाळांमध्ये ही प्रथिनं एरवीही कमीच असतात. मोठ्यांच्या आकड्यांशी तुलना करून बाळाला आजार चिकटवू नका.

रक्ततपासनीस

मीराताई, एक सुचवतो. भावाची चाचणी आत्ता होणार नाही. पण आई-वडील दोघंही गोळीवर नाहीत ना? मग त्यांचं रक्त आत्ता घेता येईल. दोष एका पालकाकडून येतो, त्यांच्यात स्पष्ट दिसला तर भावाचा रस्ता बराच मोकळा होतो. प्रोटीन एस चं तपासताना 'फ्री प्रोटीन एस' मागा. रक्तातलं सुमारे ६० टक्के प्रोटीन एस दुसऱ्या एका प्रथिनाला बांधलेलं असतं, कामाचं असतं ते उरलेलं मोकळं.

आणि आईला शांतपणे विचारा. तुमच्या दोघांच्या बाळंतपणात पाय सुजला होता का? घरातलं कुणी तरुणपणी अचानक गेलं का?

पंचवटीची_मीरा

दोन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. आईला विचारलं. आधी म्हणाली, 'छे, काही नाही.' रात्री भांडी आवरताना स्वतःहून बोलायला लागली. भाऊ झाला तेव्हा तिचा डावा पाय महिनाभर मांडीपर्यंत सुजलेला होता. सगळ्यांना वाटलं बाळंतपणाचा वात. सुईणीने शेक आणि लेप सांगितला. तिच्या घोट्याच्या वरची कातडी काळपट झालेली आहे, ती मी लहानपणापासून बघतेय. कधी विचारलंच नाही. आणि तिचे मोठे भाऊ, माझे मामा, चाळिशीच्या आत रात्रीतून गेले. हार्ट अटॅक म्हणून सगळे बोलतात, तपासणी काहीच झालेली नव्हती.

फिजिशियन_कॉलेजरोड

डावा पाय हे महत्त्वाचं. गरोदरपणातली गुठळी बहुतेक वेळा डाव्याच पायाला होते, कारण ओटीपोटात डावी शीर उजव्या रोहिणीखाली दाबली जाते आणि वाढलेल्या गर्भाशयाने आणखी. घोट्यावरची काळपट कातडीही जुन्या गुठळीनंतरची असू शकते. आईंच्या पायाची डॉपलर करून घ्या आणि ही सगळी हकीकत हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) लिहून द्या. भावाच्या त्या रिपोर्टपेक्षा या हकीकतीचं वजन जास्त आहे.

पंचवटीची_मीरा

आईचं आणि माझं रक्त दिलं. प्लाझ्मा इथेच वेगळा करून गोठवतात का, हे विचारून दिलं. आईचं प्रोटीन सी आणि अँटिथ्रॉम्बिन व्यवस्थित आहे, फ्री प्रोटीन एस बरंच कमी. माझंही तेच. हिमॅटॉलॉजिस्ट म्हणाले, काही आठवड्यांनी दोघींचं पुन्हा तपासू आणि मगच पक्कं म्हणू. भावाची अ‍ॅसिट्रॉम चालू राहणार. आईची हकीकत ऐकून ते म्हणाले की त्याची गोळी लांबवायची की कसं, हे तीन महिन्यांनी ठरवू. मला दिवस राहिले की लगेच भेटायला सांगितलंय, इंजेक्शनचा निर्णय तेव्हा.

अश्विनी_नाशिकरोड

चांगलं झालं वेळेत कळलं. मीराताई, मामांना मुलं आहेत का? त्यांच्यापर्यंत हे पोचलंय का?

पंचवटीची_मीरा

हो, दोन मुली. मोठी पुण्याला आहे, तिला कालच फोन केला. ती गेल्या वर्षापासून पाळी नियमित व्हायला गर्भनिरोधक गोळ्या घेतेय. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तिने काल रात्रीच मेसेज केला, उद्या सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. धाकटी इथेच गंगापूर रोडला आहे, तिला घेऊन मी शनिवारी लॅबमध्ये जातेय.

रक्ततपासनीस

मोठीला सांगा, रक्त गोळ्या चालू असताना देऊ नको. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं तर नंतर महिना-दीड महिना जाऊ दे आणि मग दे. फॉर्मवर गोळीचं नाव आणि बंद केल्याची तारीख लिहायला विसरू नका.